डॉकखाली (लेकच्या काठचा बोटी लावायचा धक्का) सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ नकली आमिष, स्किप करायला, म्हणजे पाण्यावरून टप्पे देत आत सरकवायला, जमत नाही, रीलमध्ये सारखा गुंता होतो. एप्रिलमध्ये बास माशासाठी नेमकं काय करू?

तुमचं वाचून माझा पहिला सीझन आठवला. तुम्ही लिहिलंय की नवीन बेटकास्टर (ज्याचा दोऱ्याचा स्पूल टाकताना स्वतः फिरतो तो रील) घेतला, व्हिडिओ बघितले आणि लेकवर गेल्यावर तीनातल्या दोन कास्टला दोऱ्याचं गुंतवळ. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटजवळ राहतो, लेक नॉर्मनवर जातो, तर तिथलंच सांगतो.

आधी तो बेटकास्टर घरी ठेवा, या सीझनपुरता तरी. होतं काय, प्लास्टिक पाण्याला टेकलं की एकदम हळू होतं पण स्पूल आधीच्याच जोरात फिरत राहतो, मग दोरा सुटतो जास्त आणि जातो कमी, तोच गुंता. ज्यांचा अंगठा तयार आहे ते मस्त मारतात, पण तो अंगठा तयार व्हायला मला दोन वर्षं लागली. स्पिनिंग रीलचा स्पूल फिरतच नाही, दोरा नुसता उलगडत जातो, त्यामुळे हा त्रास जवळपास संपतो. पावणेसात-सात फुटी मीडियम हेवी रॉड, १५-२० पाउंड ताण झेलणारा ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आणि पुढे टोकाला १२-१५ पाउंडाचा पारदर्शक फ्लुरोकार्बन दोऱ्याचा तुकडा (लीडर), बस.

आता टाकायचं कसं. लहानपणी चपटा दगड घेऊन पाण्यावर भाकऱ्या काढल्या असतील ना, तेच आहे हे. दगड वरून मारला तर बुडतो, वाकून आडवा सोडला तर टप्पे घेत जातो. रॉडचं टोक पाण्यापासून वीतभर वर, हात बाजूने आडवा, जोर खांद्यातून नाही मनगटातून, आणि पहिला टप्पा डॉकच्या चांगला पाच-सहा फूट अलीकडे पडला पाहिजे. गल्ली क्रिकेटमधला सरपटी बॉल डोळ्यासमोर ठेवा. प्लास्टिक उसळून डॉकच्या फळीवर आपटत असेल तर तुमचा कोन उभा आहे, अजून खाली वाका. नाकावर पडून तिथेच बुडत असेल तर ते हुकवर वाकडं बसलंय किंवा तुम्ही फार उशिरा सोडताय. बहुतेक लोक जोर वाढवतात आणि अजून बिघडवतात.

प्लास्टिक म्हणाल तर ५ इंची सेन्को (काडीसारखा जाडसर किडा) किंवा झूम कंपनीचा सुपर फ्लूक (छोट्या माशासारखा), मानेशी वाकवलेल्या ४/० ऑफसेट हुकवर, वजन न लावता टेक्सास रिग, म्हणजे हुकचं टोक प्लास्टिकमध्येच लपलेलं राहतं आणि खांबाला, दोरखंडाला अडकत नाही. पाण्यावर आपटून आपटून प्लास्टिक हुकवरून खाली घसरतं, तर नाकाशी सुपरग्लूचा एक थेंब लावा. साधी गोष्ट आहे पण पाकीट दुप्पट टिकतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. आत छान सरकलं की आपण इतके खूश होतो की लगेच गुंडाळायला लागतो, मी तर एक अख्खा एप्रिल हेच केलं. बास बहुतेक वेळा प्लास्टिक खाली पडतानाच उचलतो. तेव्हा दोरा सैल सोडायचा, सेन्को हलकी थरथरत हळूहळू बुडते, तिला बुडू द्यायचं आणि नजर दोऱ्यावर. दोरा टचकन हलला, बाजूला चालायला लागला, किंवा तळ यायच्या आधीच थांबला, की सैल दोरा पटकन गोळा करून झटका द्या आणि माशाला विचार करायला वेळ न देता बाहेर ओढा, नाहीतर तो खांबाला वळसा घालणारच. हाताला टकटक लागेल म्हणून वाट बघू नका. मी मूळचा चिपळूणकडचा, खाडीवर गरवायला जायचो तेव्हा आजोबा हेच ओरडायचे, हात नको बघू, दोरी बघ.

कुठला डॉक, तर थर्मामीटर ठेवा जवळ. पाणी ५०च्या वर जाऊन ६० फॅरनहाइटकडे यायला लागलं की मासे कोव्हच्या (लेकचा जमिनीत आत शिरलेला फाटा) तोंडाशी, खोल पाण्याला लागून असलेल्या डॉककडे थांबलेले असतात. साठीत गेलं की अंडी घालायला आत उथळात, मग कोव्हच्या आतले डॉक. उत्तर किनाऱ्यावर ऊन जास्त पडतं, तिथलं पाणी लवकर तापतं, मी सुरुवात तिथून करतो. नॉर्मन ३२ हजार एकरांच्या वर आहे आणि डॉक मोजता मोजता दमाल, त्यामुळे सगळे मारत बसू नका. एकाच प्रकारच्या दोन डॉकवर मासा लागला की मग तसलेच शोधत फिरा. अजून एक, नॉर्मनवर तुम्हाला लागणारा बराचसा मासा लार्जमाउथ (मोठ्या तोंडाचा नेहमीचा बास) नसून अलाबामा बास ही दुसरी जात असेल, हे लोकांनी बाहेरून आणून सोडलेलं प्रकरण आहे आणि त्याने लार्जमाउथला पार मागे टाकलंय. लार्जमाउथचा नर घरट्यावर राखण करताना लागला तर फोटोबिटो न काढता लगेच तिथेच सोडा, तो नसला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी साफ करतात.

सराव मात्र लोकांच्या डॉकवर नको. मी केला होता, प्लास्टिक थेट एका पाँटून (सपाट तळाच्या) बोटीवर ठप्पकन बसलं आणि मालक कॉफीचा मग घेऊन बाहेर. सॉरी म्हटलं, तर तो म्हणाला की अजून खाली वाकून टाक. कॉलनीच्या तळ्यावर एक घडीची खुर्ची काठाशी पाण्यात उभी करा आणि हुक न लावता तिच्या पायांमधून तासभर मारा. आणि इथे मासे धरणार असाल आणि वय १६ किंवा जास्त असेल तर नॉर्थ कॅरोलिनाचं फिशिंग लायसन्स आधी काढा, ऑनलाइन मिळतं.

तुमचा लेक कुठला ते लिहिलं नाहीत. कमेंटमध्ये सांगा, पाणी गढूळ असेल तर रंग वेगळा सुचवेन.