वापरलेली पुस्तकं पोस्टाने कमीत कमी खर्चात कशी पाठवावीत?

पाठ्यपुस्तकं किंवा स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तकं असतील, तर स्पीड पोस्टऐवजी ज्ञान पोस्टने पाठवा. भारतीय टपाल खात्याने 1 मे 2025 पासून ही सेवा अशा पुस्तकांसाठी सुरू केली आहे. सुरुवातीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 500 ग्रॅमपर्यंत 25, एक किलोपर्यंत 35, दोन किलोपर्यंत 50 आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढत पाच किलोपर्यंत 100 असे आहेत, कर वेगळा. ट्रॅकिंगही मिळतं. काउंटरवर ‘ज्ञान पोस्ट’ असं स्पष्ट सांगा.

खरी बचत वजनाच्या टप्प्यात आहे. प्रत्येकी 460 ग्रॅमची दोन पुस्तकं वेगवेगळी पाठवली तर 50 रुपये, एकत्र बांधली तर 35. मात्र जाड खोका वापरलात की वजन किलोच्या वर जातं आणि पुन्हा 50 पडतात. त्यापेक्षा आधी प्लॅस्टिकची पिशवी, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वरून खाकी कागद. एवढ्यात काम होतं. टपालात पुस्तकाचे कोपरेच आधी दबतात, म्हणून पट्ट्या वगळू नका. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन बघा.

मासिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं यात चालत नाहीत. पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे परीक्षा तोंडावर असेल तर स्पीड पोस्टच बरं.