दशावताराचं रेकॉर्डिंग: यंत्र कुठलंही घ्या, फाइल आपल्या हातात हवी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत दशावतार (कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य) रेकॉर्ड करायला खिशाला लावायचा नवा एआय रेकॉर्डर घ्यावा का, मामांच्या जुन्या मोबाइलमधल्या एएमआर (जुन्या मोबाइलांतला आवाज साठवायचा फॉरमॅट) फाइलींचं काय करायचं, आणि त्यांनी डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पदं आता वाचताच येत नाहीत.

आधी रेकॉर्डर. दशावतारात कथा ठरलेली असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात, लिहून ठेवलेले नसतात. म्हणजे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग हीच त्या रात्रीची संहिता. ती कुठल्याशा ॲपच्या लॉगिनमागे अडकून पडावी हे मला अजिबात पटत नाही. शिवाय हे चिमुकले रेकॉर्डर मीटिंगमधलं बोलणं टिपायला बनवलेले असतात. पेटी, मृदंग, झांज यांना ते गोंगाट समजून दाबण्याचीच भीती जास्त. घेण्याआधी दुकानात एकच विचारा: नुसती केबल लावून मूळ वाव फाइल (आवाज न दाबता साठवलेली) कॉपी करता येते का? नसेल येत तर ते सोडून द्या.

माझं मत, एसडी कार्ड आणि पेन्सिल सेलवर चालणारा साधा हँडी रेकॉर्डर घ्या. मध्यरात्री सेल संपले तरी दुसरे घालून पुढे जाता येतं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ ठेवलंत तर तासाला साधारण 1 जीबी लागतो. इथे एक मेख आहे. वाव फाइलीच्या सुरुवातीला तिचा आकार 32 बिटांत लिहिलेला असतो, त्यामुळे ती 4 जीबीपुढे जात नाही. चार तास झाले की हद्द आली, आणि खेळ तर पहाटेपर्यंत चालतो. चांगला रेकॉर्डर आपोआप पुढची फाइल सुरू करतो. तरी जत्रेला नेण्याआधी घरी रात्रभर चालू ठेवून दोन फाइलींचा सांधा कानाने तपासा.

32 बिट फ्लोटवाले (अगदी हळू ते अगदी मोठा, सगळा आवाज न फाटता टिपणारे) नवे रेकॉर्डर मात्र खरोखर कामाचे आहेत. आडदशावतारातलं (मुख्य कथेआधीच्या भागातलं) हळू बोलणं आणि युद्धनृत्यातली झांज, दोन्ही लेव्हल न बदलता नीट येतात. फक्त फाइल आणखी मोठी होते आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे जपून ठेवायला मी सुचवतो त्या फॉरमॅटमध्ये, फ्लोट साठवता येत नाही. आधी ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) आवाजाची पातळी बसवा, 24 बिटांत एक्स्पोर्ट करा, मग फ्लॅक करा.

फ्लॅकच का? 2001 पासूनचा खुला फॉरमॅट आहे, डिसेंबर 2024 मध्ये तो आरएफसी 9639 (इंटरनेट मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) म्हणून प्रमाणित झाला. आवाजातलं काहीही न गमावता जागा बरीच वाचते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट: फाइलीच्या आतच मूळ आवाजाचा एमडी5 ठसा (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कार्डाच्या पिना काळवंडतात, हार्ड डिस्क कुरकुरतात. दर पावसाळ्यानंतर फ्लॅकची तपासणीची आज्ञा चालवली की कुठली फाइल बिघडली ते लगेच कळतं, आणि दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत आणता येते. प्रती दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

मामांच्या एएमआर फाइली बदलून मूळ पुसू नका. त्या मोबाइलात आवाज बहुधा सेकंदाला 8000 नमुन्यांनीच घेतलेला असतो. त्यात जे आलंच नाही, ते फ्लॅक करून परत येणार नाही. मूळ तशाच ठेवा, ऐकायला वेगळी प्रत करा.

आता पदं. ती फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा दिसतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, म्हणून ती युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) आणायला कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा लागतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केलेला असतो. बदलताना नेमकी तिथेच चूक होते, त्यामुळे ‘किरीट’, ‘अर्जुन’, ‘दुर्योधन’ असे शब्द आधी डोळ्यांखालून घाला. ‘ऱ्या’सुद्धा पाहा: युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला सारखाच, पण एक शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. सगळीकडे एकच ठेवा. मग ओडीटीमध्ये सेव्ह करा (लिखित मजकुराचा हा खुला फॉरमॅट 2006 पासून आयएसओ प्रमाणित आहे) आणि सोबत साधी टेक्स्ट फाइलही.

रेकॉर्डिंगसाठी दशावतार कंपनीच्या (नाटक मंडळीच्या) मालकांची परवानगी खेळाआधीच घ्या आणि एक प्रत त्यांनाही द्या.

पदांच्या फाइलीत फॉन्टचं नाव काय दिसतं ते सांगा आणि एक पान इथे टाका, कन्व्हर्टर मी बघतो.