संगीतासाठी पैसे वाढवा, पण गणिताचं कारण सांगून नको

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की शाळांकडे आधीच पैसे पुरत नाहीत तर संगीताचं बजेट वाढवा असं लोक का म्हणतात, ज्याला आवड आहे तो बाहेर क्लास लावेलच की, आणि संगीताने गणित सुधारतं हे खरं का. मी ११ वर्षं शाळेत संगीत शिकवलंय, त्यातली पहिली ६ वर्षं अर्धवेळ, आठवड्याला एक-दोन दिवस, त्यामुळे मी कुणाच्या बाजूने बोलणार हे उघडच आहे. पैसे वाढवावेत. फक्त मीटिंगमध्ये जे कारण पुढे केलं जातं त्यासाठी नाही.

गणिताचं आधी उरकून टाकतो. मोझार्ट या जुन्या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकलं की बुद्धी वाढते म्हणतात, ते प्रकरण १९९३ चं. नेचर मासिकात एक छोटासा पेपर आला होता, ३६ कॉलेजची मुलं, त्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंवरचा एक तुकडा ऐकवला, मग कागद असा घडी घालून कापला तर उघडल्यावर कसा दिसेल अशा टाईपची कोडी दिली, तर मार्क थोडे जास्त पडले, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो असर उतरलासुद्धा. एवढंच होतं. लहान मुलं नव्हती, शिकवणं नव्हतं, नुसतं ऐकणं होतं. पण बातम्या अशा काही फिरल्या की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने, झेल मिलर त्यांचं नाव, तिथल्या प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. बाळं काय करणार होती त्या सीडीचं देव जाणे.

प्रत्यक्ष शिकवून पाहिलेले प्रयोगही आहेत. कॅनडात ग्लेन शेलेनबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षांची १४४ मुलं घेतली, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक आणि काहींना काहीच नाही, असं वर्षभर चालवलं. २००४ मध्ये त्याचे निकाल छापून आले. संगीतवाल्या मुलांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा तीनएक गुणांनी जास्त वाढला, आणि मला यातली खरी मजा ही वाटते की लोकांशी वागण्याबोलण्यात सुधारणा झाली ती नाटकवाल्यांची. पुढे २०२० मध्ये साला आणि गोबे या दोघा संशोधकांनी असे ५४ अभ्यास एकत्र करून बघितले, जवळजवळ ७ हजार मुलं, तर जे अभ्यास नीट केलेले होते, म्हणजे दुसऱ्या गटालाही काहीतरी वेगळं शिकवलेलं होतं, त्यांच्यात हा फायदा जवळपास शून्यावर आला. त्यामुळे गणित सुधारायचं असेल तर पैसे गणिताच्या शिक्षकाला द्या. हे मी संगीतशिक्षक असून म्हणतोय कारण गणिताचं कारण सांगून मिळवलेला तास दोन वर्षांत गणिताच्याच कारणाने जातो, कुणीतरी रिझल्टचा कागद घेऊन येतं आणि विचारतं, कुठे वाढले मार्क? मग काय उत्तर देणार.

मग कशासाठी द्यायचे पैसे, तर संगीतासाठीच. भूगोलाने दुसरं काही सुधारतं म्हणून तो शिकवतो का आपण? नाही ना.

वर्गात बाकी सगळं एकेकट्याचं असतं, माझी वही, माझे मार्क, शेजाऱ्याचं बघायचं नाही. संगीताच्या तासाला चाळीस जणांना शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं, नाही ऐकलं तर गाणं पुढे सरकतच नाही. आणि चूक झाली तर खोडरबर नाही, ठेका चालूच राहतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेलेली असते, तोंड वाकडं करून पुढच्या समेवर येऊन भेटायचं. पहिले काही महिने हुशार मुलं इथे जास्त चिडतात, कारण चुकलं की थांबून पहिल्यापासून करायची त्यांना सवय असते. मागच्या बाकावरची एखादी मुलगी, जिचं वर्गात कुणी नावही घेत नाही, ती हातावर ताल मोजायची टाळी आणि खाली इतक्या शांतपणे धरून बसते की बाकीचे तिच्या हाताकडे बघून सावरतात. तिला मी वेगळं काही शिकवलेलं नसतं, तास होता म्हणून ते दिसलं.

आता बेसूरपणाबद्दल, कारण 'आमच्या मुलाला गाणं जमतच नाही, त्याचा वेळ कशाला' हे मी शंभर वेळा ऐकलंय. ज्यांना जन्मतःच स्वरांतला फरक कळत नाही असे लोक असतात, पण त्यांचं प्रमाण अभ्यासांमध्ये साधारण दीड ते चार टक्के येतं, म्हणजे चाळीसच्या वर्गात एखाददुसरं मूल. बाकीचे जे बेसूर असतात ते न शिकवलेले असतात, किंवा चुकीचे शिकवलेले, आणि त्यात मीही आलो. पहिल्या वर्षी मी माझ्या जाड आवाजात ओळ म्हणून दाखवायचो, मुलं त्या जाडपणाच्या मागे जायची, आवाज घशात अडकायचा, अर्धा वर्ग नुसता पुटपुटायचा आणि मी घरी जाऊन म्हणायचो की यंदाची बॅच काही खरी नाही. एके दिवशी माझाच घसा बसला म्हणून एका मुलीला पुढे उभं केलं आणि म्हटलं तू म्हण, बाकीच्यांनी तिच्यामागे. निम्मे बेसूर तिथल्या तिथे सुरात आले! लहान मुलांना स्वतःच्या उंचीचा आवाज पकडायला सोपा जातो ही अगदी बेसिक गोष्ट आहे, पण मला कुणी सांगितली नव्हती, कारण मला गाता येत होतं आणि पेटी वाजवता येत होती म्हणून नेमलं होतं, मुलांना कसं शिकवायचं याचं ट्रेनिंग शून्य. पैसे वाढवा म्हणतो तेव्हा त्यात हे पण येतं.

आणि आता पेटीची गोष्ट, ही जरा लांबेल.

शाळेत दोन पेट्या होत्या. एकीचा भाता फाटलेला, हवा इतकी जायची की एका हाताने भाता मारून दुसऱ्या हाताने वाजवणं मोठ्या माणसालाही जमेना. ही पेटी दोन मुलींनी ताब्यात घेतली. एक मागे बसून दोन्ही हातांनी भाता मारायची, दुसरी पुढून वाजवायची. सुरुवातीला नुसता गोंधळ, ओळ मध्येच मरायची, मग भाता मारणारीला कळायला लागलं की ओळ कुठे संपते आणि कुठे हवा जास्त लागणार आहे, ती वाजवणारीच्या खांद्याकडे बघून आधीच दाब वाढवायची. महिन्याभराने त्या दोघी त्या फाटक्या पेटीवर जे वाजवायच्या ते चांगल्या पेटीवरच्या मुलाला जमत नव्हतं. हे ऐकून लोक म्हणतात बघा, पैसे नसले तरी होतं की! नाही हो. त्या दोघींचं झालं, पण बाकीची पस्तीसएक मुलं त्या वेळात टाळ्या वाजवत बसलेली होती, आणि तो भाता पुढच्या वर्षी पूर्णच गेला.

मग एकदा शाळेला निधी आला. अट अशी की वस्तू घ्यायच्या, पगार आणि दुरुस्तीवर खर्च करायचा नाही. सहा कीबोर्ड आले, फोटो निघाले. दोन अ‍ॅडाप्टर पहिल्याच महिन्यात गेले, एकाच्या कळा अडकायला लागल्या, दुरुस्तीसाठी पैसे मागितले तर त्यासाठी खर्चाचं हेडच नाही म्हणे. उरलेले खराब होऊ नयेत म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं. आणि त्याच वर्षी माझे दोन दिवस कमी करून एकावर आणले. फाटक्या भात्याची पेटी तिथेच कोपऱ्यात, तिला मात्र कुणी हात लावला नाही.

म्हणजे जिथे पैसे कमी पडतात ती जागा बहुतेक लोक समजतात ती नाहीये. वाद्य एकदा घेतलं की झालं असं नसतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ही झिजणारी वस्तू आहे, रोज चाळीस हात पडले की मधल्या काळ्या शाईला भेगा जातात, टवके उडतात, मग पुडीच बदलावी लागते. हवा दमट झाली की चामडं सैल पडून तबला उतरतो, बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवायला माणूस लागतो, आणि ते माहीत नसलेल्याने हातोडी घेतली की पुडी फाटते. पेटीचे स्वर वर्षा-दोन वर्षांनी बघून घ्यावे लागतात, नाहीतर मुलं उतरलेल्या स्वरावरच कान तयार करून बसतात.

आणि खरं सांगायचं तर वाद्यं नसली तरी बरंच होतं. हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराचं म्हणणं होतं की आधी गळा, वाद्य नंतर, कारण गळा प्रत्येकाकडे असतो. १९५० मध्ये केच्केमेत या गावात रोज संगीताचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली आणि पुढे देशात अशा शंभराच्या वर शाळा झाल्या. पण यात 'रोज' हा शब्द बघा. वाद्यांचे पैसे वाचले तरी रोज येणारा, शिकवायला शिकलेला माणूस लागतोच, आणि माणूस म्हणजे दर महिन्याचा पगार.

सलग असण्याचं महत्त्व किती ते नीना क्राऊस या मेंदूशास्त्रज्ञ बाईंच्या कामात दिसतं. लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्त्यांतली ४४ मुलं होती, फुकट संगीत शिकवणाऱ्या एका प्रकल्पातली, आणि बोलण्यातले जवळजवळचे आवाज मेंदू किती स्पष्ट वेगळे करतो ते त्यांनी मोजलं. एक वर्षानंतर फरक नाही. दोन वर्षांनंतर फरक. अभ्यास छोटा आहे, पण हे गणित नाही, ऐकणंच आहे, त्यामुळे मला पटतो. आणि शाळेत काय होतं, तर एक वर्ष शिक्षक असतो, दुसऱ्या वर्षी नसतो, तिसऱ्या वर्षी नवीन येतो आणि सा रे ग म पासून सुरू करतो.

राहिला बाहेरच्या क्लासचा मुद्दा. बाहेरचा क्लास म्हणजे फी, घरी वाद्य, कुणीतरी सोडायला-आणायला, आणि मुळात क्लास लावावा असं घरात कुणाच्या तरी डोक्यात यायला हवं. फी काढून टाकली तरी बाकीचं राहतंच. व्हेनेझुएलात १९७५ मध्ये होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी एल सिस्तेमा सुरू केलं, शाळेनंतर मुलांना फुकट ऑर्केस्ट्रा शिकवणारी केंद्रं, सरकारी पैशावर, जगभर त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण नंतर तिथल्या १६ केंद्रांतल्या २,९१४ मुलांवर चिठ्ठी टाकून गट पाडून अभ्यास झाला, त्यात मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा सुधारलेला दिसला, आणि सोबत हेही दिसलं की नाव घालायला आलेल्यांत गरीब मुलांचं प्रमाण त्या भागातल्या गरिबीच्या मानाने बरंच कमी होतं. फुकट असून! शाळेचं तसं नाही, मूल तिथे आधीच बसलेलं असतं, त्याला आवड आहे की नाही हे त्यालाही माहीत नसतं, आणि मंगळवारी तिसरा तास संगीताचा असतो म्हणून ते कळतं.

हां, एक गोष्ट मात्र मान्य करतो. ज्या शाळेत पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायला पुरेसे शिक्षक नाहीत तिथे मी पेटी मागणार नाही, आधी ते करा. पण अशी शाळा सोडून बाकी ठिकाणी जे चालतं ते पैशांपेक्षा सवयीचं असतं, परीक्षा जवळ आली, पोर्शन राहिला, की पहिला तास जातो तो संगीताचा, आणि तो जाऊ न देण्यासाठी एक पैसाही लागत नाही.

तुम्ही पालक म्हणून शाळेच्या मीटिंगला जाणार असाल तर नवीन वाद्यं मागू नका, सगळे तेच मागतात आणि शाळाही खुशीने देते कारण फोटो निघतो. त्याऐवजी संगीताचा शिक्षक आठवड्याला किती दिवस असतो आणि गेल्या दोन वर्षांत तोच होता का ते विचारा, आणि मागच्या वर्षीचं वाद्यदुरुस्तीचं बिल दाखवा म्हणा. बिल शून्य असेल तर शाळा म्हणेल बघा आमची वाद्यं किती छान सांभाळलीयत. मग कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा.