फील्डवर्कचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकणं चूक आहे का?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) फील्डवर्कमध्ये संस्था लाभार्थ्यांचे फोटो टाकायला सांगते, संमतीपत्रावर सहीसुद्धा असते, मग अडचण काय?

त्या सहीपाशीच तर अडचण आहे. माझीच चूक सांगतो. मराठवाड्यात एका संस्थेत होतो. शिलाई मशीन वाटप होतं. एका ताईंचा अंगठा घेतला, फोटो काढला आणि संध्याकाळी फेसबुकवर टाकला: 'आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला मदतीचा हात'. देणगीदार खूश. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन. ती लातूरला होस्टेलवर राहायची. वडील हार्ट अटॅकने गेले, असं तिने मैत्रिणींना सांगितलेलं. भांडली वगैरे नाही. "सर, मशीन परत न्या हवं तर, पण ती पोस्ट डिलीट करा," एवढंच म्हणाली. लगेच केली. तोवर ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आली होती.

मशीन समोर ठेवून 'फोटो काढू ना?' विचारल्यावर नाही कोण म्हणेल? आता मी वाटपाच्या दिवशी विचारतच नाही. पुढच्या गृहभेटीत मोबाइलवर फोटो दाखवतो, तो कुठे जाईल, पुण्यातल्या नणंदेलाही दिसेल, हे सांगतो. बऱ्याच जणी नको म्हणतात. मग अहवालात नुसते हात आणि मशीन. देणगीदार कुरकुरतात, कुरकुरू देत.

मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार बालगृहातल्या किंवा बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता-दाखवता येत नाही. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा ब्लर केला म्हणजे सुटलो, असं समजू नका. मागे शाळेचा बोर्ड, अंगावर गणवेश, वर लोकेशन टॅग... गावाला एवढं पुरतं.

फ्रेंड रिक्वेस्टचंही तेच. ज्यांची केस हाताळता, त्यांची घेऊ नका, पण का घेत नाही ते भेटून सांगा, नाहीतर माणूस दुखावतो.

राहिला तुमच्या संस्थेचा प्रश्न. विद्यार्थी म्हणून थेट वाद घालणं अवघड, कळतं मला. कॉलेजच्या फील्डवर्क सुपरवायझरना लेखी कळवा आणि त्या दिवसाच्या रेकॉर्डमध्ये 'फोटो टाकण्यास नकार दिला' अशी नोंद करून ठेवा.