बेचाळीस, लाल बावटा आणि क्रांतिसिंह

प्रश्न : आमचे आजोबा पत्री सरकारात होते. कम्युनिस्टांनी बेचाळीसच्या ‘चले जाव’ लढ्याला साथ दिली नाही असं ते सांगायचे. मग त्या सरकारचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील पुढं त्याच पक्षात कसे गेले?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : आजोबांचं खरंच आहे. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि तोवर साम्राज्यवाद्यांचं असलेलं युद्ध वर्षाच्या आत कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी लोकयुद्ध झालं, इंग्रज आता रशियाचा दोस्त, त्याला आडवं जायचं नाही. जुलै १९४२ ला सरकारनं पक्षावरची बंदी उठवली, आणि ९ सप्टेंबरला सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या सरकारी कचेरीवर निघालेल्या ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळ्या चालल्या. ज्याच्या गावची माणसं तिथं पडली त्याला पक्षाची ही लाइन, म्हणजे हे धोरण, कशी पटणार?

पण लोक एक विसरतात, यावरूनच मराठी मार्क्सवाद्यांत फूट पडली, काहीजण पक्षाबाहेर पडून नवजीवन संघटनेत गेले, पुढं तोच लाल निशाण पक्ष. मार्क्स त्यांनी सोडला नाही, भांडण होतं लाइन ठरवायची कुणी याचं. माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे. तसा वाद जुनाच, मानवेंद्रनाथ रॉय १९२० ला वसाहतींच्या प्रश्नावर थेट लेनिनशी भिडले, १९२९ ला कॉमिंटर्ननं, म्हणजे मॉस्कोतल्या कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, त्यांना काढलं, आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री त्याच रॉयांच्या गोटातले. मात्र युद्धात रॉयही इंग्रजांना मदत करा म्हणत होते, तेव्हा मॉस्कोशी भांडला म्हणजे त्याला इथली नाडी कळली असं नाही हां.

नाना आधी शेतकरी कामगार पक्षात, म्हणजे शेकापमध्ये होते आणि शेकापनं १९५० ला दाभाडीला मार्क्सवाद उघड स्वीकारला होता. पत्री सरकारात सावकाराशी लढलेल्या पोरांना वर्गलढा काही पुस्तकातून शिकायचा नव्हता. मग १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना साताऱ्यातून कम्युनिस्ट खासदार झाले, तेव्हा पक्ष मराठी माणसाच्या मागणीबरोबर उभा होता, बेचाळीससारखा विरोधात नव्हता.

आणि पुढचा धागा तुमच्या शेजारीच आहे. कासेगावच्या भारत पाटणकर या चळवळीतल्या कार्यकर्त्यासोबत खानापूर तालुक्यातल्या लोकांनी येरळा नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, बळीराजा धरण बांधलं आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा मागितला. असलं काही मॉस्कोच्या कुठल्याच ठरावात नव्हतं, ते दुष्काळात होरपळलेल्या माणसांनीच मांडलं.