नोटरीचा कागद, डब्यांचा धंदा आणि जळालेली चिमणी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, मुलुंडला राहते. पेन्शन महिना ४० हजार. भांडुपला ४१० चौरस फुटांचा वन बीएचके आहे. गेल्या वर्षी रजिस्टर करार करून तो २६ हजारांनी भाड्याने दिला. या जूनमध्ये त्याच भाडेकरूला ११ महिन्यांसाठी पुन्हा दिला : भाडं २८ हजार, डिपॉझिट एक लाख. या वेळी एजंट म्हणाला, ‘नोटरी पुरते’, म्हणून तेवढंच केलं. महिन्यापूर्वी स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा कळलं, की भाडेकरू नोकरीला जातो आणि घरात त्याची बायको नि मेहुणा डब्यांचा धंदा करतात. कामाची दोन मुलं तिथेच झोपतात. चिमणी, ट्रॉल्या आणि ओट्यावरच्या टाइल्स गेल्या. खाली करा म्हटलं तर ‘करार आहे’ म्हणतो. मुलगा म्हणतो, वीज तोडू, कुलूप बदलू. विमा मिळेल का? भाडं मी रिटर्नमध्ये कधी दाखवलं नाही आणि आता भाडेकरू पॅन मागतोय. सोसायटीही भाडेकरूपोटी महिना तीन हजार जादा लावते.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी मुलाला थांबवा. वीज-पाणी तोडणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदललंत, तर बेकायदा ताबा काढून घेतला म्हणून तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून घरात परत येऊ शकतो. आज चूक त्याची आहे, उद्या पोलीस चौकीत उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

खरी अडचण आगीपेक्षा त्या कागदाची आहे. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुमच्यासारखा ठरावीक मुदतीपुरता घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ‘धंद्याला परवानगी होती, मुदतही तीन वर्षांची ठरली होती’ असं त्याने म्हटलं, तर ते खोडून काढायचं काम तुमच्या गळ्यात. आणि एजंटने वाचवले किती? अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,०००. त्यात डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज साधारण ९,१६७. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ७९३ रुपये, वर नोंदणी फी हजार. नोटरीला किती दिलेत ते तुम्हीच आठवा.

आता वाट कोणती? कलम २४ मालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपली, की सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ताब्याचा अर्ज करता येतो. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर अडून बसला तर भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. पण ही वाट मुदत संपल्यानंतरची आहे. मुदतीआधी करार मोडून ताबा हवा असेल, तर लघुवाद न्यायालयात दावा करावा लागेल, आणि तिथे वर्षांचा हिशेब करूनच जायचं. तुमच्या हातात नोंदणी नसलेला कागद असताना मी तिथे घाईने जाणार नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा वाटेल. त्याच्याशी नवा करार करा, पण फक्त उरलेल्या महिन्यांचा, आणि या वेळी नोंदणीकृत. कोण कोण राहणार त्यांची नावं लिहा, स्वयंपाक फक्त घरच्यापुरता असेल हे लिहा, जळालेल्या सामानाची यादी जोडा आणि त्याची दुरुस्ती कोण करणार हेही घाला. तो सही का करेल? कारण त्याला कंपनीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची आहे. वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं, की मालकाचा पॅन द्यावाच लागतो. गरज त्यालाही आहे, बोलणी तिथूनच सुरू करा. सही केलीच नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्या. धंदा आणि जादा माणसं या दोन्हींवर आक्षेप आजच लेखी नोंदला जायला हवा. पुढे ‘मालकिणीला सगळं माहीत होतं’ असं म्हणायला जागा उरता कामा नये. भाडं बँकेतच घ्या. आगीनंतरचे फोटो आणि त्याचे व्हॉट्सॲप निरोप पुसू नका. त्या दोन मुलांसह सगळ्यांची माहिती मुंबई पोलिसांच्या भाडेकरू नोंदीत भरा. ती न भरणाऱ्या घरमालकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत.

विम्याबद्दल पॉलिसी न पाहता हो म्हणणार नाही. साधी घरविम्याची पॉलिसी आता बहुतेक ‘भारत गृह रक्षा’ या ठरावीक नमुन्यातली असते. तो नमुना एप्रिल २०२१ पासून लागू आहे. त्यात आग येते. घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. पण विमा राहत्या घराचा असतो. तिथे धंदा चालत होता असं सर्व्हेअरने, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याने, लिहिलं, तर कंपनी हात वर करू शकते. तरीही कळवा, आणि खरं तेच कळवा. घर भाड्याने दिल्याचं, धंद्याचं तुम्हाला आगीनंतर कळल्याचं आणि तुम्ही लेखी आक्षेप घेतल्याचं पत्रात असू द्या. दडवून केलेला दावा फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा अहवाल जोडा. आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत टाइल्स बदलू नका, मुकादम कितीही घाई करो. भाडेकरूची भांडी, फ्रीज तुमच्या पॉलिसीत येत नाहीत. विमा नाकारला गेला, तर दुरुस्तीची बिलं डिपॉझिटमधून वळती करता येतील. त्यासाठीच नव्या करारात ती यादी हवी.

कराची भीती तुम्ही विनाकारण बाळगली. वर्षाचे ३,३६,००० धरले, त्यातून सरसकट ३० टक्के वजा, उरले २,३५,२००. (पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे ती वजावट तुम्हाला नाही. सोसायटीचं मेंटेनन्स वेगळं वजा होत नाही.) पेन्शन ४,८०,०००, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट. बेरीज ६,४०,२००. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंत कर शून्य. ठेवींचं व्याज धरूनही तुम्ही आतच राहाल. त्याआधीच्या वर्षी ही मर्यादा सात लाख होती. तेव्हाचं भाडं धरून काय निघतं ते सीएकडून तपासून घ्या आणि रिटर्न सुधारा. पॅन बिनधास्त द्या, पण त्याने दाखवलेलं भाडं आणि तुमचं उत्पन्न जुळलं पाहिजे. न जुळलं, तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

सोसायटीचे तीन हजार मात्र देऊ नका. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेली जादा रक्कम, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. तुमच्या बिलात सेवा शुल्क दोन हजार दोनशे असेल, तर हे शुल्क २२० रुपये. या आदेशाचा उल्लेख करून सेक्रेटरींना पत्र द्या, पोच घ्या आणि बाकीची रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगा. ऐकलं नाही, तर आपल्या वॉर्डाच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करा. या एका कामाला वकील लागत नाही.