वाचक विचारतात: कपाटं भरली, पोरं कुठायत?

प्रश्न: ताई नमस्कार. मी एसटीतून रिटायर झालोय. गावात देवळाशेजारच्या खोलीत वाचनालय सुरू केलं, लोकांनी भरभरून पुस्तकं दिली, दोन कपाटं फुल झाली. पण पोरं फिरकत नाहीत, आली तरी ओट्यावर मोबाइल घेऊन बसतात. आवड लावायची कशी?
– एक काका, कराड तालुका

उत्तर: काका, आधी ती कपाटं उघडून आत काय आहे ते बघा. राग मानू नका, पण लोक भरभरून काय देतात ते मला माहितीय, जुन्या सिलॅबसची गाइडं, स्पर्धा परीक्षेचे बाद झालेले ठोकळे, दिवाळी अंक आणि वर दोन-चार पोथ्या. रद्दीवाला किलोवर नेणार होता ते तुमच्याकडे आलं आणि देणाऱ्याला पुण्य पण मिळालं! त्यात नऊ-दहा वर्षांच्या पोराने हातात घ्यावं असं काय आहे? नसेल तर निम्मं काढून टाका, कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

दुसरं म्हणजे पोरांना आवड नाही असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो, पण बऱ्याच पोरांना वाचायलाच धड येत नसतं हो, अडखळतात, आणि चारचौघांत अडखळण्यापेक्षा मोबाइल परवडला. 'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा सर्व्हे 2005 पासून होतोय, त्यात खेड्यांत घरोघरी जाऊन पोरापुढे एक कागद धरतात, त्यावर अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या लेव्हलची एक गोष्ट. तर देशभरात पाचवीतल्या साधारण निम्म्या पोरांना ती दुसरीची गोष्ट सरळ वाचता येत नाही, हे वर्षानुवर्षं दिसतंय. तुम्हीपण हेच करा, दुसरीचं पुस्तक घ्या आणि एकेकाला बाजूला बसवून वाचून घ्या, सगळ्यांसमोर अजिबात नको. मग इयत्ता विसरायची, जो अक्षरांवर अडलाय तो अक्षरांच्या गटात, शब्दांवर अडला तो त्या गटात, पाचवीचा असो की तिसरीचा, आणि जमायला लागलं की पुढच्या गटात. रोज तासभर पुरे. शेवटी तुम्ही स्वतः एक गोष्ट मोठ्याने वाचायची, आवाज बदलून वगैरे, कंडक्टर असाल तर आवाजाचा प्रश्नच नाही! ऐन रंगात आली की थांबा आणि पुस्तक टेबलावर उघडंच ठेवून चहाला निघून जा, उरलेली गोष्ट कोण वाचतंय ते लांबून बघा.

आणि कपाटाला कुलूप असेल तर आजच काढा. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतला पहिलाच नियम आहे, तरी आपल्याकडे ग्रंथपाल किल्ली कमरेला लावून फिरतात. फाटेल, हरवेल, हरवू दे. पाचगणीजवळचं भिलार तर तुमच्याच जिल्ह्यात, 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणतात त्याला, तिथे लोकांच्या घरात, लॉजवर पुस्तकं ठेवलीत आणि कुणीही जाऊन बसून वाचतं. एकदा पोरांना घेऊन जाऊन या. अनुदानाचं विचाराल म्हणून सांगते, शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करायची, पण ते नंतर. आधी पोरं बसू द्या.

प्रश्न: शिकलेलेच लोक गाडीची काच खाली करून कचरा फेकतात. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते पण गावंच्या गावं झाडली. मग शिक्षणाचं एवढं कौतुक कशाला?
– एक वाचक, अमरावती

उत्तर: कचऱ्याचं शंभर टक्के मान्य. पण बाबांना तुमच्या बाजूने साक्षीला बोलावू नका, ते उलट साक्ष देतील. कीर्तनात तेच लोकांना सांगायचे की ताटं विका, हातावर भाकरी घेऊन खा पण पोरांना शिकवा. आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये कुणाला दिली? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला! ज्याला स्वतःला शिकायला मिळालं नाही त्याला शिक्षणाची किंमत जास्त कळते, फुकटात मिळालेल्यांना काच खाली करायचं सुचतं.

प्रश्न: मी पुण्यात बीएला आहे, कमवा-शिका योजनेत कॉलेजच्या बागेत काम करते. रूममेट हसतात. आई म्हणते पैसे कमी पडले तर सांग, उसने आणू, पण लोकांसमोर झाडू नको मारू. सोडून देऊ का?
– धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी

उत्तर: अजिबात नाही गं. ज्यांच्या नावाने ही योजना चालते त्या भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, ते काले वरच्या काकांच्याच तालुक्यातलं. मग 1924 मध्ये सगळं साताऱ्याला हलवलं. बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, स्वतः कामं करायची आणि एका पंगतीत जेवायची, त्या काळात! धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1927 ला गांधीजी ते बोर्डिंग बघून गेले. तेव्हा तुझ्या हातातला खराटा काही कमीपणाचा नाही, आणि आईला कर्ज काढायला लावण्यापेक्षा तर कितीतरी बरा.

आईला मात्र फोनवर वाद घालून पटणार नाही, पहिले पैसे खात्यात आले की त्यातून तिला काहीतरी घेऊन जा. रूममेटचं सोड, महिनाअखेरीला त्याच उसने मागायला येतील. फक्त कामाचे तास लेक्चरच्या मधे येत असतील तर सरांना स्पष्ट सांग, आणि पुढच्या सेमला बागेऐवजी लायब्ररीत ड्यूटी मिळते का विचार. पुस्तकं जागेवर लावता लावता कुठलं कुठे असतं ते पाठ होतं आणि परीक्षेच्या आधी सगळा वर्ग ज्या एका कॉपीच्या मागे असतो ती परत आलीय हे सगळ्यात आधी तुला कळेल.